किल्ल्यावरची तपकिरी पूड

"ताई, लवकर ये! मावळ्यांना काहीतरी झालंय!"

स्वानंदची आरोळी ऐकून सुखदा तोंडातला ब्रश तसाच ठेवून जिन्यावरून धडाधड खाली आली. ताथवड्याच्या अनुबंध सोसायटीत, मागच्या कोपऱ्यातल्या जुन्या गुलमोहराखाली त्यांचा किल्ला होता. सुट्टी लागल्या दिवसापासून चौघांनी चिखल कालवून तो उभा केला होता. सुखदा, तिचा धाकटा भाऊ स्वानंद, खालच्या मजल्यावरचा अवधूत आणि कुंपणापलीकडच्या गॅरेजवाल्या बरकतचाचांची आरफा. उतारावर पेरलेले अळीव कालच कुठे हिरवे झाले होते.

आज मात्र काहीच हिरवं नव्हतं. बुरूज, दरवाजा, अळीव, मावळे, सगळ्यांवर मऊ तपकिरी पूड बसली होती. मावळ्यांचे चेहरेसुद्धा दिसत नव्हते.

"कोणीतरी कोको पावडर सांडली असणार!" मागून आलेला अवधूत म्हणाला. त्याने चिमूटभर पूड नाकाशी नेली आणि पाठोपाठ इतक्या शिंका दिल्या, की कट्ट्यावरचं मांजर पळून गेलं.

"कट्ट्यावर पण आहे. त्या स्कूटरच्या सीटवर पण," सुखदा हळूच म्हणाली. "आणि मी काल संध्याकाळीच कट्टा पुसला होता, अवधूत."

 रात्रीतून, आवाज न करता, कोण टाकून गेलं होतं हे?

"मी सांगतो कोण!" मागून खणखणीत आवाज आला. सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र देवधर, म्हणजे सगळ्यांचे देवधरकाका, फिरायच्या बुटांत उभे होते. "हा लोखंडाचा गंजका कीस आहे. त्या गॅरेजमधून उडतो. फुप्फुसात गेला की आयुष्यभराचा दमा! सुट्टी संपली की महापालिकेत तक्रार करतो. ते गॅरेज बंदच झालं पाहिजे!"

हातात नानकटाईचा डबा घेऊन आरफा फाटकातून आत येत होती. ती जागच्या जागी थांबली.

"पण काका, गॅरेज दिवाळीला बंदच आहे," ती म्हणाली. "कारागीर गावाला गेलेत. शटर उघडलंच नाही अब्बांनी."

"मग जुनी धूळ उडत असेल!" काका चालते झाले.

सुखदाने स्वानंदकडे पाहिलं. काल रात्री तो खोकत होता. खूप नाही, पण खोकत होता. दमा... तिने त्याला किल्ल्यापासून ओढून लांब उभं केलं.

"गॅरेज बंद झालं तर आम्ही कुठे जायचं?" आरफाने डबा घट्ट धरून विचारलं.

"कुठे नाही जायचं," अवधूतने छाती पुढे काढली. "आधी यात लोखंड आहे की नाही ते बघू. तुझ्याकडे लोहचुंबक असेल ना?"

आरफाने जुन्या स्पीकरचं चुंबक आणलं. गॅरेजच्या दाराशी पडलेला लोखंडाचा कीस त्याला मिशांसारखा चिकटला. तेच चुंबक पुसून त्यांनी तपकिरी पुडीत फिरवलं. एक कणही चिकटला नाही!

"लोखंड नाही!" आरफा ओरडली.

"मग काय आहे?" सुखदा पुटपुटली. 

संध्याकाळी त्यांनी चित्रकलेचे पांढरे कागद ठिकठिकाणी अंथरले आणि वर दगड ठेवले. एक गॅरेजच्या भिंतीशी, एक फाटकाशी, एक किल्ल्याजवळ. शेवटचा कागद अवधूतने काठीने ढकलून गुलमोहराच्या मागे सरकवला. खोड आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या त्या बोळकांडीत जायला कोणीच तयार नव्हतं.

सकाळी गॅरेजच्या भिंतीचा कागद पांढरा होता. फाटकाशीही पांढराच. किल्ल्याजवळचा तपकिरी झाला होता. आणि झाडामागचा कागद तर कागदच वाटत नव्हता. त्यावर मखमल अंथरल्यासारखा पुडीचा थर बसला होता.

"म्हणजे ते तिथे आहे," स्वानंद म्हणाला. "झाडामागे."

"ते म्हणजे काय?" अवधूतने विचारलं. त्याचा चेहरा पडला होता.

"ते जे काय आहे ते. मी जातो!"

"तू कुठेही जाणार नाहीस!" सुखदाने त्याची कॉलर धरली. मग तिच्या लक्षात आलं, की आता आपल्यालाच जावं लागणार.

बोळकांडीत घाणेरीची झुडपं माजली होती. ओली, कुजकट, जुन्या तळघरासारखी थंड हवा तोंडावर आली. सुखदा अंग चोरून एकेक पाऊल टाकत होती. फरश्यांचे तुकडे बुटाखाली करकरत होते. खोडाला वळसा घालून तिने मान वर केली आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली.

खोडातून कान बाहेर आले होते!

ताटाएवढाले कान. एकावर एक, जमिनीपासून थेट तिच्या कमरेपर्यंत. वरून तपकिरी, कडेला पांढरी किनार. जणू झाडाच्या आत कोणीतरी बसून ऐकत होतं.

"सुखी! काय झालं?" आरफा धडपडत आत आली. मागोमाग अवधूत आणि त्याच्या शर्टाला धरून स्वानंद.

 मग आरफाने हात पुढे करून त्यातल्या एका कानाला बोट लावलं. "कडक आहे. लाकडासारखं." तिने खाली वाकून पाहिलं. खालची बाजू पांढरीशुभ्र होती आणि तिच्यावर सुईने टोचल्यासारखी असंख्य बारीक छिद्रं होती. आरफाने नखाने एक रेघ ओढली. रेघ बघता बघता तपकिरी झाली.

"बघा, बघा!" स्वानंद कुजबुजला.

भिंतीवरून उन्हाची एक तिरीप आत आली होती. त्या उजेडात कानांच्या खालून धुरासारखं काहीतरी निघत होतं. कोणीही हात लावला नव्हता, वारा नव्हता, तरी तपकिरी धूर शांतपणे खाली उतरत होता, वळत होता, खोडाला वळसा घालत किल्ल्याकडे तरंगत जात होता.

"झाड विडी ओढतंय," अवधूत म्हणाला. पण त्याच्या विनोदावर तो स्वतःही हसला नाही.

सुखदाने मोबाइलवर फोटो काढले. अवधूतने तेवढ्यात एक दगड उचलून खोडावर ठोकला. पुढच्या बाजूला 'टक टक' वाजलं. मागे, कानांच्या वर, आवाज आला, 'ढब... ढब...'

रिकामा डबा वाजावा तसा.

चौघंही मागे वळून सुसाट बाहेर पळाले.

सुखदाची मृदुलामावशी साताऱ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. फोटो पाठवून निःश्वास टाकतात न टाकतात तोच तिचा फोन आला. नेहमीची 'काय गं सुखे' नाही, काही नाही.

"तुम्ही आत्ता कुठे आहात? त्या झाडाखाली आहात का?"

"किल्ल्यापाशी..."

"आधी लांब व्हा! सगळे! लांब जाऊन मग बोला."

मावशीचा असा आवाज सुखदाने कधी ऐकला नव्हता. सगळे पळत पार्किंगमध्ये गेले. तिने स्पीकर चालू केला.

"मावशी, ते काय आहे? विषारी आहे का? स्वानंद खोकतोय गं!"

"त्याला त्या पुडीपासून लांब ठेव, नाकातोंडात जाऊ देऊ नका. पण मला भीती पुडीची नाही वाटत. नीट ऐका. गुलमोहराला काय लागतं?"

"शेंगा!" अवधूत म्हणाला. "आम्ही तलवारी करतो त्यांच्या."

"शेंग म्हणजे गुलमोहराचं फळ, त्यात त्याच्या बिया. तुम्हाला दिसले ते कान म्हणजे बुरशीचं फळ. तिच्या बिया म्हणजे बीजाणू. इतके बारीक, की लाखो मिळून चिमूटभर पूड होते. त्या पांढऱ्या छिद्रांमधून ते बाहेर पडतात."

"म्हणजे बुरशी फक्त मागच्या बाजूला आहे?" आरफाने विचारलं.

"नाही बाळा, तिथे फक्त फळं आहेत. बुरशी आत आहे. पांढऱ्या धाग्यांसारखी, खोडात आणि मुळांत. ती लाकूड खाते. आणि एवढी मोठी फळं बाहेर आली म्हणजे आत तिचं बरंच जेवण होऊन गेलेलं असतं." मावशीने लगेच विचारलं, "या झाडाच्या मुळाशी कोणी खणलं होतं का?"

सुखदाच्या डोळ्यांपुढे तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा उभा राहिला. पाइपलाइनसाठी खणलेला चर. कुऱ्हाडीने तोडलेली, मांडीएवढी जाड मुळं. वर बसवलेले सिमेंटचे ठोकळे. आणि शेजारी खुर्ची टाकून हुकूम सोडणारे देवधरकाका.

"हो," ती म्हणाली. "खणलं होतं."

"मग ते झाड वाऱ्यात उभं राहील याचा मला भरवसा नाही. मोठ्यांना सांग. मी संध्याकाळी तुमच्याकडे येतेच आहे, पण तोपर्यंत तिथे कोणी थांबता कामा नये!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोसायटीच्या किल्ला स्पर्धेचा बक्षीस समारंभ आज दुपारीच होता. तोही गुलमोहराखाली!

सुखदाचे बाबा चाकणला कंपनीत होते, दिवसाची शिफ्ट. आई भाऊबिजेला देहूरोडला मामाकडे गेली होती आणि तिचा फोन लागत नव्हता. उरले देवधरकाका. ते मांडववाल्याला सूचना देत होते, आणि मांडववाला कापडाचा दोर चक्क गुलमोहराच्या खोडाला आवळत होता.

सुखदाने सगळं सांगितलं. भरभर, अडखळत, मध्येच श्वास लागत. फोटोही दाखवले.

"बुरशी!" काका हसले. "अगं, पावसाळ्यात चपलांनासुद्धा येते! वर बघ. पानं हिरवीगार आहेत. शेंगा लगडल्यात. आजारी झाड असं असतं?"

"काका, झाड आतून पोकळ वाजतंय!" अवधूत म्हणाला.

"आणि झाड तोडायला परवानगी लागते, माहितीय?"

"तोडू नका ना! फक्त मुलांना दुसरीकडे बसवा! मावशीशी बोला, काका, मी फोन लावते."

"हे बघ सुखदा, मांडव बांधून झालाय. मोठ्यांना शिकवायला येऊ नकोस!"

आरफा सुखदाच्या कानात म्हणाली, "काल अब्बा गंज आमचा नाही म्हणून सांगायला गेले, तेव्हा त्यांचंही ऐकून घेतलं नव्हतं काकांनी."

दुपारी देहूरोडच्या बाजूने आभाळ भरून आलं. दिवाळी होऊनही पाऊस परतायचं नाव घेत नव्हता. मांडवात सतरंजीवर सोसायटीतली चिल्लीपिल्ली नवे कपडे घालून बसली होती. मागे खुर्च्यांवर आयाबाया, आजोबा मंडळी. देवधरकाका माइकवर सोसायटीच्या प्रगतीबद्दल बोलत होते आणि बोलायचे थांबत नव्हते. अवधूत त्याच्या दादाच्या स्पीकरपाशी बसला होता. सुखदा झाडापासून लांब, मांडवाच्या कडेला उभी होती आणि स्वानंद तिच्या हाताला धरून होता.

वाऱ्याची पहिली झुळूक आली. मग दुसरी, जोराची. शेंगा खळखळ वाजल्या. लहान मुलांनी टाळ्या पिटल्या.

सुखदाचं लक्ष वर नव्हतं. ती खोडाच्या बुंध्याकडे टक लावून पाहत होती. कुंपणाच्या बाजूचे सिमेंटचे ठोकळे वाऱ्याबरोबर वर उचलले गेले. वारा थांबला, ठोकळे खाली बसले. पुन्हा वारा. पुन्हा वर. खाली. जमीन श्वास घेत होती!

   तिने धाव घेतली आणि काकांचा कुर्ता ओढला.

"काका, जमीन हलतेय! बघा ना!"

"अगं, भाषण चालू आहे!" काकांनी माइकवर हात ठेवून दटावलं. "खाली बस!"

सुखदा वळली. आरफा आणि अवधूत तिच्याकडेच पाहत होते. त्यांनीही ठोकळे पाहिले होते. अवधूतचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ओरडलं तर?" आरफा कुजबुजली. "झाड पडतंय म्हणून?"

"नको. लहान मुलं घाबरून एकमेकांवर पडतील," सुखदा म्हणाली. "हसत हसत पळाली पाहिजेत. अवधूत, तो दुसरा, बिनवायरचा माइक चालतो ना?"

अवधूतच्या डोळ्यांत एकदम चमक आली. त्याने काकांच्या माइकची वायर खेचली. काकांचे ओठ हलत राहिले, आवाज गेला. पुढच्याच क्षणी स्पीकरमधून अवधूत कडाडला,

"लक्ष द्या, लक्ष द्या! बक्षिसं फाटकाजवळच्या पार्किंगमध्ये मिळतील! शिवाय खाऊ! जो आधी पोहोचेल त्याला दोन पुडे! पळाऽऽ!"

सतरंजी क्षणात मोकळी झाली! चिल्लीपिल्ली किंचाळत, हसत पार्किंगकडे सुटली. त्यांच्यामागे "अरे हळू, अरे पडशील" करत आया धावल्या. आरफा दोन आजींचे हात धरून त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन गेली.

"कोणी सांगितलं हे? कसला खाऊ?" देवधरकाका लालबुंद होऊन अवधूतच्या मागे लागले. अवधूतला तेच हवं होतं. माइक हातात घेऊन तो काकांना पळवत थेट फाटकापर्यंत घेऊन गेला.

मांडव रिकामा झाला. सुखदा पार्किंगमध्ये पोहोचून धापा टाकत होती. आणि तिला कळलं, की आपला हात मोकळा आहे.

"स्वानंद?"

तिने मुलांच्या घोळक्यात नजर फिरवली.

"स्वानंद कुठाय?"

"तो तोफ आणायला गेला," एक चिमुरडी म्हणाली. बरकतचाचांनी जुना प्लग आणि बेअरिंगं जोडून स्वानंदला तोफ करून दिली होती. ती किल्ल्यावर होती. किल्ला झाडाखाली होता.

सुखदा पळाली. कोणी तिच्या नावाने ओरडलं, तिने मागे पाहिलं नाही. वाऱ्याने मांडवाचं कापड फडफडत होतं, डोळ्यांत धूळ जात होती. स्वानंद किल्ल्यापाशी उकिडवा बसून चिखलात रुतलेली तोफ ओढत होता.

"सोड ती! स्वानंद, सोड!"

"निघतेय, ताई, एकच मिनिट..."

तेवढ्यात आवाज आला. जमिनीच्या आतून, कापड टराटरा फाटावं तसा. कुंपणाकडचे ठोकळे वर उचलले गेले आणि या वेळी खाली बसलेच नाहीत.

सुखदाने स्वानंदला कमरेला धरून उचललं. कुठे पळायचं? मांडवाकडे? झाड तर तिकडेच कलत होतं! ते जिकडे पडणार तिकडेच पळून उपयोग नव्हता. आडवं जायला हवं, भिंतीच्या कडेने!

"बेटा, इकडे! इकडे!"

गॅरेजच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीवर बरकतचाचा ओणवे झाले होते. त्यांनी दोन्ही हात खाली सोडले होते. सुखदा भिंतीला घासत, ठेचकाळत तिकडे धावली. मागे काहीतरी कडाकड तुटत होतं. तिने स्वानंदला वर दिला. चाचांनी त्याला मांजराच्या पिल्लासारखं वर खेचलं, पलीकडे सोडलं आणि पुन्हा वाकून तिचं मनगट पकडलं. तिचे पाय जमिनीवरून सुटले आणि त्याच क्षणी सगळं जग हादरलं.

नंतर खूप शांतता होती.

भिंतीवर बसून सुखदाने पाहिलं. गुलमोहर मांडवावर आडवा पडला होता. सतरंजी दिसत नव्हती. खुर्च्यांचे तुकडे झाले होते. किल्ल्याच्या जागी एक जाड फांदी होती. आणि सगळ्यावर तो तपकिरी धूर सावकाश खाली बसत होता.

चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

पाऊस थोडा पडून थांबला, तोवर आई आणि मावशी एकाच रिक्षातून उतरल्या. मामाकडून परतताना आईने मावशीला स्टँडवरूनच घेतलं होतं. आईने दोघांना इतकं घट्ट कवटाळलं, की स्वानंद "आई, श्वास!" म्हणून ओरडला. मावशी मात्र सरळ उपटलेल्या बुंध्यापाशी गेली. जवळ कोणाला येऊ न देता तिने काठीने आतलं लाकूड उकरलं. ते भिजलेल्या थर्माकोलसारखं पांढरं, भुसभुशीत झालं होतं. एका बाजूची मुळं कुऱ्हाडीने सरळ कापलेली होती आणि कापलेली टोकं काळी पडली होती.

"जखम इथे झाली," ती म्हणाली. "बुरशी इथूनच शिरली असावी. सालीखालच्या जिवंत लाकडातून पाणी चढत होतं, म्हणून पानं हिरवी राहिली. आत धरून ठेवायला काहीच उरलं नव्हतं."

 आपलं भाषण जिथे चाललं होतं, त्या जागेकडे देवधरकाका पुन्हा पुन्हा बघत होते.

"मुळं मी तोडायला लावली," ते अखेर सगळ्यांसमोर म्हणाले. मग बरकतचाचांकडे वळले. "आणि नाव तुमचं घेतलं. माफ करा, बरकतभाऊ."

"मुलं वाचली, साहेब. सगळं भरून पावलं," चाचा म्हणाले. "तक्रार मात्र करू नका आता!"

ताण गेला आणि सगळे एकदम हसले. काकांनाही हसू आलं, मग त्यांचे डोळे भरले. अवधूतचे गालगुच्चे घेऊन घेऊन आज्यांनी त्याचे गाल लाल केले. "पोरगं खोटं बोललं, पण काय बोललं!" असं त्या म्हणत होत्या. दोन पुड्यांचा खाऊ मात्र देवधरकाकांनी स्वतः विकत आणून प्रत्येकाला वाटला.

मावशी सुखदाशेजारी येऊन बसली. "शाबास गं! मांडवात गोंधळ होऊ न देता पोरं बाहेर काढणं माझ्याच्यानेसुद्धा झालं नसतं."

"मी खूप घाबरले होते, मावशी," सुखदा म्हणाली आणि तिला इतका वेळ न आलेलं रडू एकदम फुटलं. "अजून पाय थरथरतायत."

"थरथरू देत. याच पायांनी परत गेलीस ना त्याला आणायला?" मावशीने तिला जवळ घेतलं. आरफा दुसऱ्या बाजूने येऊन चिकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत एक मिरवणूक निघाली. सगळ्यात पुढे सुखदा आणि आरफा, मग काठी घेतलेला अवधूत, मग स्वानंद आणि मृदुलामावशी. त्यांच्यामागे अख्खी कमिटी, अंगात इस्त्रीचे कपडे. प्रत्येक झाडापाशी सुखदा थांबायची आणि म्हणायची, "आता वर नाही, खाली बघायचं. मागच्या बाजूने पण."

आणि देवधरकाका विजार वर ओढून, हुं हुं करत, मुकाट्याने गुडघ्यांवर बसायचे आणि बुंध्यामागे डोकं घालून ओरडायचे, "कान नाहीत! पुढचं झाड!"